गाडी आडवी पडली तर

प्रिय सायली,
अनेक आशीर्वाद.

रोज सातपूर, सुट्टीला त्र्यंबक, एवढी मोटारसायकल फिरणार म्हटल्यावर ती कधीतरी आडवी होणारच. तेही बहुधा वेगात नाही, उभ्या-उभ्याच. पावसाने भिजलेल्या मातीत साइड स्टँड रुतला की झालं. स्टँडखाली टाकायला तळहाताएवढा जाड पत्र्याचा तुकडा गाडीत ठेव.

उभी गाडी पडताना हमखास जातो तो लिव्हर. क्लचचा मोडला तर कसारा घाटात तू अडकून पडशील, मला काळजी त्याची आहे. लिव्हर ज्यात बसतो तो योक हँडलवर करकचून आवळलेला असतो. जमिनीचा दणका बसला की त्याला फिरायला वाव नसतो, म्हणून लिव्हर तुटतो. योक ढिला कर, त्याखाली हँडलवर प्लंबरची पांढरी टेप दोन वेढे गुंडाळ आणि बोल्ट एवढाच आवळ की नुसत्या बोटांनी योक हलणार नाही, पण लिव्हरच्या टोकावर तळहाताने जोर दिला तर फिरेल. बोल्टच्या आट्यांवर निळ्या लॉकटाइटचा (बोल्ट सुटू न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब टाक, नाहीतर धक्क्यांनी तो सुटेल. ब्रेकच्या बाजूलाही हेच कर. नंतर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, तेवढं बघ.

लेग गार्ड घेताना पाइपच्या जाडीला भुलू नकोस, तो कुठे कुठे धरलाय ते बघ. चेसिसच्या पुढच्या नळीला नुसत्या यू-क्लॅम्पने अडकवलेला गार्ड पडल्यावर फिरतो आणि टाकीला पोचे पाडतो. वर चेसिसला आणि खाली इंजिनच्या माउंटिंगला, असा दोन्हीकडे धरलेला घे. बसवल्यावर हँडलच्या टोकापासून गार्डच्या बाहेरच्या कडेपर्यंत दोरी ताणून धर. टाकी दोरीच्या आत राहिली पाहिजे. मग गार्डपासून फुटरेस्टपर्यंत धर, इंजिनचं कव्हर आत हवं.

नायलॉनचे स्लायडर, म्हणजे पडताना आधी जमिनीला टेकणारे इंजिनच्या दोन्ही बाजूंचे ठोकळे, लावायचे झाले तर आखूडच लाव, इंजिनच्या कव्हरच्या जेमतेम बाहेर येतील एवढे. लांब स्लायडर तरफेसारखा काम करतो, बोल्ट वाकतो आणि चेसिसचं माउंटिंगच जातं. ते दुरुस्त करणं लिव्हर बदलण्याइतकं सोपं नाही. बोल्टचं डोकं नायलॉनमध्ये खोल बुडालेलं हवं. बसवताना इंजिनखाली लाकडी फळी ठेवून जॅक लाव, एका वेळी एकच बोल्ट काढ आणि मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळ.

पडलीच तर आधी तू रस्त्याच्या कडेला हो, गाडी नंतर. मग हँडलवरचा इंजिन बंद करायचा किल स्विच दाब, किल्ली बंद कर. उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड उघड आणि गिअर टाक. हँडल पडलेल्या बाजूला पूर्ण वळव, गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला टेक, एका हाताने खालची मूठ आणि दुसऱ्याने मागचा दांडा धरून पायांच्या जोरावर मागे मागे चालत ये. कंबर वाकवून ओढू नकोस.

सुरू करण्याआधी इंजिनच्या दोन्ही कव्हरांखाली बोट फिरव. बोटाला ऑइल लागलं तर सेल मारू नकोस, ऑइल गेलं की इंजिन जाम होतं. बारीक चीर असेल तर पेट्रोलने पुसून, पूर्ण कोरडी करून एम-सील भर आणि ते कडक झाल्यावर ऑइलची पातळी बघून जवळच्या गॅरेजपर्यंतच ने. फ्युएल इंजेक्शनची गाडी पडल्यावर सुरू होत नसेल तर घाबरू नकोस, किल्ली बंद करून पुन्हा चालू कर.

क्लचचा एक जादा लिव्हर आणि १० नंबरचा पाना टूलकिटमध्ये टाकून ठेव.

तुझे,
बाबा