मागे उभं राहून धृपद धर

चि. बाबू यास,
अनेक आशीर्वाद.

"आई, कवितेनं भाडं भरत नाही," असं म्हणून तू परवा फोन ठेवलास. मला राग आलेला नाही. नोकरी गेल्याचं आम्हाला ताईकडून कळलं, त्याबद्दलही काही बोलणार नाही. तुझ्या बाबांनी तर बजावलंय की पत्रात नोकरीचा विषय काढायचा नाही. तेव्हा काढत नाही. फक्त एवढं सांग, दिवसातून एकदा तरी खोलीबाहेर पडतोस ना?

कवितेनं भाडं भरत नाही हे खरंच आहे. आमच्या चाळीतही भरलं नव्हतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. जवळजवळ अडीच लाख माणसं घरी बसली. आबा साचेखात्यात होते हे तुला माहीत आहे, पण त्या दिवसांबद्दल ते तुमच्यापाशी कधी बोलले नाहीत. आज मिटेल, उद्या मिटेल असं म्हणता म्हणता पावसाळा आला. निम्मी चाळ गावाला शेतीवर निघून गेली. आज्जीची पितळेची भांडी एकेक करून गहाण पडली. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. संपला म्हणावं तर कुठल्या दिवशी, हे आबांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

त्या सगळ्यात एकच गोष्ट चुकली नाही, ती म्हणजे गुरुवारचं भजन. माडीवरच्या गावकीच्या खोलीत पुरुष बसायचे आणि आम्ही पोरी दाराशी. साच्यांच्या आवाजानं आबांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते बुवांच्या ओठांकडे बघत म्हणायचे. एकदा खालच्या मजल्यावरचे पखवाजवाले काका आलेच नाहीत. पुढच्या गुरुवारीही नाहीत. आबा आणि बुवा खाली गेले. दार लावून काका आत बसले होते. पखवाज विकला होता, आणि आता कुठल्या तोंडानं यायचं म्हणून येत नव्हते. चूल पेटली नव्हती ती निराळीच. त्यांना वर आणून हातात टाळ दिले. त्या रात्री पखवाजाशिवाय भजन झालं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या पोरांची ताटं आमच्या आणि शेजारच्या घरात वाटून लागायला लागली.

बाबू, तू चार दिवस कुठे दिसला नाहीस, तर तिथं तुझं दार कोण वाजवणार? रात्री मला एवढंच सुचत राहतं.

तुकोबांचा एक अभंग आबांना फार प्रिय होता. तुकोबांनी स्वतःची हकीकत सांगितली आहे, तो. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात होतं नव्हतं ते गेलं, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत मेली. लोकांना तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. पुढे ते म्हणतात की मोडकं देऊळ नीट करावंसं वाटलं, एकादशीला कीर्तन धरलं. सुरुवातीला मन लागत नव्हतं, हेही सांगून टाकतात. मग काही संतांची वचनं पाठ केली, आणि पुढे गाणारे असतील त्यांच्या मागे धृपद, म्हणजे अभंगाची परत परत येणारी ओळ, धरलं. आपल्याला कवित्व फुटल्याचं ते यानंतर कितीतरी ओळींनी सांगतात. एवढा मोठा माणूस, सगळं गेल्यावर आधी दुसऱ्याच्या मागे उभा राहिला आणि दुसऱ्याचे शब्द म्हणायला लागला. आबा जन्मभर मागेच बसले. बुवा व्हावं असं त्यांना कधी वाटलं नाही. पण धृपद आलं की त्यांचा आवाज सगळ्यात वर असायचा.

म्हणून सांगते, आता काही सुचत नाही, लिहून होत नाही, याचं मनाला लावून घेऊ नकोस. तू लिही असं मी म्हणतच नाहीये. तिथं गांधीनगरात महाराष्ट्र मंडळ आहे. ताई म्हणते, बंगळुरात तुझ्या वयाची मुलंही कुठे कुठे कविता वाचायला जमतात. जा, मागच्या रांगेत बस. कुणी बोलायला लावलं तर दुसऱ्या कुणाची तरी कविता म्हण. नारायण सुर्व्यांची म्हण, तुला येतात. रस्त्यावर सापडलेलं पोर, गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगारानं घरी नेऊन वाढवलं. पुढे शाळेत शिपाई झाले, मग मास्तर, आणि १९९५ ला परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. आपल्या गिरणगावातला माणूस! ती बातमी वाचताना आबांनी पेपर डोळ्यांसमोरून बाजूला केला नव्हता. का ते आम्हाला उशिरा कळलं.

आणि हे बघ, सकाळी लवकर उठत जा, अंघोळ करून चांगले कपडे घाल, रात्रभर त्या स्क्रीनपुढे बसून अर्ज करत राहू नकोस, बाहेरचं खाणं कमी कर, आणि कुणाच्या तोंडाकडे बघून स्वतःला कमी... झालं, सुरू झालं माझं. माफ कर. नोकरी गेली म्हणून तुझी अक्कल गेलेली नाही, आणि तू लहानही नाहीस. पण आईला गप्प बसवत नाही रे.

पाचवीत असताना तू आबांवर कविता केली होतीस, आठवतं? आबा भजनाला बसलेत आणि त्यांचे ओठ बुवांच्या आधी हलतात, अशी. आम्ही सगळ्यांनी त्यांना रोज पाहिलं, पण ते तुझ्याच डोळ्यांनी टिपलं. आबांनी ती मला मोठ्यानं वाचायला लावली आणि म्हणाले, "झिल बरो बघता." पोरगा चांगलं बघतो, तेवढंच. तो कागद तुझ्या बाबांच्या पाकिटात आहे. घड्या पडून विरलाय, पण लॅमिनेट करू देत नाहीत.

पैशांचं बाबा बघतायत. दोन महिन्यांचं भाडं तुझ्या खात्यात टाकतायत, परत करायची भाषा करू नकोस. घरी यावंसं वाटलं तर ये, कुणी काही विचारणार नाही. मीही नाही. नसेल यायचं तर तिथंच राहा, पण दार लावून राहू नकोस. परत तेच लिहिलं ना. असू दे.

कोकम आणि कुळथाचं पीठ पाठवलंय. पीठ शेजाऱ्यांनाही दे थोडं, म्हणजे ओळख होईल. आणि मंडळात गेलास की मला फोन कर. काय वाचलं ते नंतर सांग, आधी कोण कोण भेटलं ते सांग. नावांसकट.

तुझी,
आई