शस्त्रक्रियांचा आकडा छापता, दृष्टीचा का नाही?

महोदय,

मोतीबिंदूच्या मोफत शस्त्रक्रियांची बातमी आली की मथळा ठरलेला असतो: 'इतक्या जणांना नवी दृष्टी'. खाली काळे चष्मे घातलेल्यांची रांग आणि प्रमुख पाहुण्यांची नावं. नवी दृष्टी मिळाली हे बातमीदाराला कळलं कसं, ते मात्र कुठे नसतं. फोटो काढला त्या दिवशी ते डॉक्टरलाही नक्की माहीत नसतं. सूज उतरून चष्म्याचा नंबर स्थिर व्हायला काही आठवडे जातात.

मी अंधत्वाच्या सर्वेक्षणांत घरोघर जाऊन दृष्टी मोजायचं काम करत होते, आता निवृत्त आहे. या सर्वेक्षणांत पन्नाशी गाठलेल्यांनाच तपासतात, कारण बहुतेक अंधत्व याच वयात सापडतं आणि कमी माणसांत, कमी खर्चात भरवशाचा अंदाज मिळतो. साधनंही साधी. एका बाजूला मोठा आणि दुसऱ्या बाजूला लहान 'ई' छापलेलं कार्ड, मापाची दोरी, टॉर्च आणि पिनहोल, म्हणजे बारीक भोकं पाडलेली काळी पट्टी. 'ई'चे दात कुठल्या बाजूला आहेत ते बोटाने दाखवायचं, लिहिता-वाचता येण्याची गरज नाही. पाचपैकी चार वेळा बरोबर आलं तरच दिसलं असं लिहायचं, कारण अंदाजपंचे दाखवणारे कमी नसतात.

आणखी एक मेख. घरी भेटेल त्यालाच तपासून पुढे गेलं, तर अंधत्वाचा आकडा फुगतो, कारण ज्यांना दिसतं ते कामावर गेलेले असतात. म्हणून कुलूप दिसलं तरी त्या घरी पुन्हा जावं लागतं. याच्या उलट, घरात कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल 'त्यांना काय तपासता, वय झालंय त्यांचं' असं ऐकायला मिळायचं. आम्हाला तर नेमकं त्यांनाच तपासायचं असायचं.

अशाच एका घरी दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या आजी होत्या. सहा मीटरवरून मोठा 'ई' दिसला, लहान दिसेना. 'ऑपरेशन केलं, पण उपयोग झाला नाही,' असं सूनबाई म्हणाल्या. मी आजींच्या डोळ्यासमोर पिनहोल धरलं आणि कार्ड फिरवत गेले. आजी लहान 'ई'ची दिशा भराभर दाखवू लागल्या, एकदाही चुकल्या नाहीत. पिनहोलमधून स्पष्ट दिसतं याचा अर्थ सरळ आहे: डोळा ठीक आहे, हवा आहे तो चष्मा. ऑपरेशननंतर चष्म्यासाठी बोलावलं होतं का, असं विचारल्यावर सासू-सुना एकमेकींकडे बघू लागल्या. जिथे ऑपरेशन झालं तिथल्या रजिस्टरात मात्र आजींच्या नावावर दोन यशस्वी शस्त्रक्रिया जमा असणार.

ऑपरेशन होऊनही नीट दिसत नसेल तर त्याचं कारण आमच्या फॉर्मवर चारपैकी एका रकान्यात लिहावं लागे. डोळा आधीच काचबिंदूने किंवा पडद्याच्या आजाराने गेलेला असतो. शस्त्रक्रियेतच काही बिघडलेलं असतं. भिंगामागची पिशवी नंतर धुरकट होते, ती लेझरने थोड्या वेळात साफ करता येते. आणि चौथं, नंबर राहून गेलेला असतो. डोळ्याची लांबी न मोजता सगळ्यांना सरसकट एकाच नंबरचं भिंग बसवलं की हे होणारच. मला सर्वात जास्त चीड या चौथ्या रकान्याची येते. सर्जनने कौशल्य पणाला लावलेलं असतं आणि गाडी अडते ती काचेच्या दोन तुकड्यांवर.

हे माझं एकटीचं गाऱ्हाणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या दृष्टीविषयक अहवालानुसार जगात किमान 220 कोटी लोकांना जवळचं किंवा लांबचं नीट दिसत नाही आणि त्यातल्या किमान 100 कोटींच्या बाबतीत ते टाळता आलं असतं किंवा अजूनही उपचार झालेले नाहीत. 2021 मध्ये जागतिक आरोग्य सभेने देशांना जी उद्दिष्टं दिली त्यांत शस्त्रक्रियांची संख्या नाहीच. मोजायचं आहे ते असं: ज्यांचं ऑपरेशन झालं आणि ज्यांना अजून हवं आहे, अशा सगळ्यांपैकी किती जणांना ऑपरेशननंतर 6/12 (म्हणजे निरोगी डोळ्याला बारा मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून) किंवा त्याहून चांगलं दिसतं. हे प्रमाण 2030 पर्यंत 30 टक्के बिंदूंनी वाढवायचं आहे, म्हणजे समजा 40 टक्के असेल तर 70 टक्क्यांवर न्यायचं. चष्म्यासाठीही असंच माप आहे, तिथली अपेक्षित वाढ 40 टक्के बिंदूंची आहे.

चष्मा म्हणजे किरकोळ बाब, असं समजणाऱ्यांसाठी एक दाखला. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या 751 मजुरांवर झालेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना जवळचं दिसण्याचा चष्मा लगेच दिला, बाकीच्यांना अभ्यास संपल्यावर. लगेच चष्मा मिळालेल्यांची पानं खुडण्याची क्षमता इतरांच्या तुलनेत सुमारे 22 टक्क्यांनी जास्त वाढली. औषध नाही, ऑपरेशन नाही.

अंधत्व घटल्याची बातमी छापतानाही व्याख्या बघत जा. आपल्याकडे पूर्वी 6/60 पेक्षा कमी दिसणाऱ्याला अंध धरत, 2017 पासून ती रेषा 3/60 वर आली. जागतिक व्याख्येशी मेळ घालायला ते योग्यच होतं. पण जुना आकडा एका मापाचा आणि नवा दुसऱ्या मापाचा शेजारी शेजारी छापला, तर काहीजण उपचाराविनाच अंधांच्या यादीतून बाहेर पडतात.

तेव्हा विनंती एवढीच. शिबिराची बातमी आली की आयोजकांना विचारा: सहा आठवड्यांनी किती जण तपासणीला आले आणि त्यांतल्या किती जणांना 6/12 दिसलं? न आलेल्यांची गणना यशस्वींत करू देऊ नका. सुरुवातीला बरेच जण उत्तर टाळतील. एखादी संस्था मात्र प्रामाणिकपणे सांगेल की शंभरातल्या अमुक इतक्यांना अजून नीट दिसत नाही, कारण तिने मोजलेलं असेल. कृपा करून त्या संस्थेच्या बातमीला 'शस्त्रक्रिया फसल्या' असा मथळा देऊ नका. तसं केलंत तर पुढच्या वर्षी तीही फक्त ऑपरेशनचा आकडा आणि फोटो पाठवील.

आपली,
एक निवृत्त नेत्रतपासणी सहायक