संभाजीनगरच्या विमानांचे अंतर आणि वेळ चुकीची दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : छत्रपती संभाजीनगरहून मुंबई व दिल्लीचे चुकीचे हवाई अंतर, प्रवासवेळ आणि त्यावरून सुचवलेली जोडविमाने

महोदय,

आपल्या आरक्षण ॲपवर संभाजीनगर ते मुंबई हे हवाई अंतर १५१ किलोमीटर व वेळ ११ मिनिटे दिसते. दिल्लीसाठी ५३० किलोमीटर व ३७ मिनिटे. चूक कुठे झाली ते या आकड्यांवरूनच कळते. १५१ ला १.८५२ ने गुणले की २८० येतात, ५३० ला गुणले की ९८२. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळापासून मुंबई आणि दिल्लीचे सरळ रेषेतले अंतर जवळपास एवढेच आहे. म्हणजे मूळ माहिती सागरी मैलांत (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर) होती आणि आपण तिच्यापुढे नुसते 'किलोमीटर' लिहिले.

एकक सुधारले तरी वेळ बरोबर येणार नाही. आपण अंतराला ताशी ८५० किलोमीटरने भागता. हा जेट विमानाचा वर स्थिरावल्यानंतरचा वेग आहे. त्या हिशेबाने मुंबई २० मिनिटांवर येते, जे शक्यच नाही. दहा हजार फुटांखाली सर्वसाधारण वेगमर्यादा २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर असते, आणि एवढ्या कमी पल्ल्यात विमान वर चढते न चढते तोच उतरायला लागते. एटीआर, म्हणजे पंख्यांचे छोटे विमान असेल तर त्याचा कमाल वेगच ताशी ५०० च्या आसपास. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी विमानांना आकाशातच घिरट्या घालाव्या लागतात. वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतची असते. ती मुंबईसाठी तासाभराची आणि दिल्लीसाठी दोन तासांच्या आसपास धरावी लागते.

खरे नुकसान पुढे आहे. याच ११ मिनिटांवर आपले ॲप मुंबईहून पुढची विमाने सुचवते, तीही वेगळ्या पीएनआरवर, म्हणजे वेगळ्या आरक्षण क्रमांकावर. जालना, बीड, परभणीचा प्रवासी विश्वासाने दोन्ही तिकिटे काढतो. मुंबईत त्याला बॅग सोडवून घ्यावी लागते, टर्मिनल बदलायचे असेल तर रस्त्याने जावे लागते, आणि देशांतर्गत विमानाचा बॅग काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. तिकिटे वेगळी असल्यामुळे दुसरे विमान चुकले की ती विमान कंपनी जबाबदारी घेत नाही. सगळा भुर्दंड प्रवाशावर. ही बाब आम्हाला सर्वांत गंभीर वाटते.

शोधात 'औरंगाबाद' हे संभाजीनगरचे जुने नाव टाकल्यावर मुंबईपासूनचे अंतर १,३४० किलोमीटर येते, तेही पाहावे. ते बिहारमधले औरंगाबाद आहे. शहराच्या नावाऐवजी आयएक्सयू (IXU) हा संभाजीनगरचा विमानतळ संकेत वापरला की हा घोळ राहणार नाही.

अंतराची दुरुस्ती करावी, आणि वेळ भागाकाराने न काढता विमान कंपनीच्या वेळापत्रकातूनच घ्यावी. तोपर्यंत वेगळ्या पीएनआरची जोडविमाने सुचवणे आजपासून थांबवावे. अशा सूचनेवरून ज्यांची पुढची विमाने चुकली, त्यांना दुसऱ्या तिकिटाची पूर्ण रक्कम परत द्यावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू. ॲपवरील पडद्यांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपले विश्वासू,
तिकीट आरक्षण करणारे व्यावसायिक, जालना