शेवटच्या बाकावरच्या सरांना

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभाला स्टाफरूममध्ये इतकी भाषणं झाली की माझं राहूनच गेलं. तसंही हातात समोशाची प्लेट धरून हे बोलता आलं नसतं.

गेल्या वर्षी अकरावीचा माझा शेवटचा तास म्हणजे झोपेचा तास. पोरं पहाटेची कल्याण लोकल पकडून आलेली, मी फळ्यावर न्यूटन मांडतेय आणि मागे माना टाकलेल्या. मदत मागितली तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, जरा इंटरेस्टिंग करा ना!’ कसं, ते कुणी सांगेना. पुढे प्रशिक्षणही झालं. मुलांना बोलतं कसं करावं यावर एका गृहस्थांनी सलग तीन तास स्लाइड वाचून दाखवल्या. आम्हाला तोंड उघडायची सोय नव्हती.

तुम्ही केमिस्ट्रीचे, तुमचा खरं तर काय संबंध? तरी येऊन शेवटच्या बाकावर बसलात. हातात ना वही, ना शेऱ्यांचा कागद. मी प्रश्न टाकला आणि सवयीनं उत्तरही मीच देणार, तेवढ्यात तुमचा हात वर झाला. एक बोट. दुसरं. घशाला कोरड पडली हो माझ्या! तिसरं बोट उघडलं आणि वर्षभर गप्प असलेली खिडकीजवळची मुलगी म्हणाली, ‘मॅडम, सांगू?’

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७०च्या दशकात हेच मोजलं होतं, हे मी नंतर वाचलं. प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात. ३ सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि गप्प मुलंही बोलू लागतात. पण तुम्ही मला संशोधन ऐकवलं नाहीत. चारचौघांत चूकही काढली नाहीत. फक्त बोटं मोजलीत. माणसाचा मान राखून त्याला सुधारणारे लोक आता किती उरलेत, कोण जाणे.

आता मी प्रश्नच लोकलमधून उचलते. ब्रेक लागला की वरचे हँडल पुढे झुकतात; मग दोरीला बांधलेला हेलियमचा फुगा कुठे जाईल? आधी हात वर करून मत द्यायचं, मग शेजाऱ्याशी भांडायचं, मग पुन्हा मत. हार्वर्डचे एरिक माझूर असंच शिकवतात म्हणे. परवा मागून आवाज आला, ‘मॅडम, दारं उघडी असतात, वारा धरायचा का?’ म्हटलं, एसी लोकल धर बाबा.

काल तोच मुलगा तासाआधी दारात उभा. काकांच्या गाडीच्या काचा लावून फुगा घेऊन फिरला होता. ‘मॅडम, ब्रेक मारला की मागे जातो!’

‘का?’ म्हटलं, आणि पाठीमागे हात घेऊन बोटं मोजू लागले.

तुमची,
पलीकडच्या वर्गातली फिजिक्सवाली