चौथीच्या वर्गातला कॅलिफोर्निया

युबा सिटी, कॅलिफोर्निया
दि. ८ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारले होते की, ज्या राज्याला स्थापन होऊन जेमतेम पावणेदोनशे वर्षे झाली, त्याचा इतिहास मी शिकवते त्या चौथीच्या मुलांना वर्षभर शिकवायला पुरतो तरी कसा. तुम्ही उभी हयात इतिहास शिकवण्यात घालवलीत, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर घाईघाईत दोन वाक्यांत द्यावे असे मला वाटले नाही, म्हणून हे सविस्तर पत्र लिहिते आहे.

इकडे तिसरीत मुले आपल्या गावाचा आणि परिसराचा इतिहास शिकतात, चौथीत कॅलिफोर्नियाचा, आणि मग पाचवीत देशाचा आरंभकाळ. आपल्याकडेही मूल तिसरीत जिल्हा शिकते आणि चौथीत ‘शिवछत्रपती’ हाती घेते, तेव्हा हा क्रम तुम्हाला ओळखीचा वाटेल. बालभारतीसारखे सगळ्या राज्याला एकच पुस्तक मात्र इथे नाही. राज्याचे शिक्षण मंडळ काही पुस्तकांना मान्यता देते आणि त्यांतून स्थानिक शाळा-जिल्हा, म्हणजे परिसरातल्या शाळांचा कारभार पाहणारी संस्था, निवड करते. त्यामुळे शिक्षकाला मोकळीक बरीच मिळते आणि जबाबदारीही तितकीच येते.

चौथीचे वर्ष म्हटले की इथल्या आजच्या आईवडिलांना मिशनची, म्हणजे जुन्या ख्रिस्ती धर्मप्रसार केंद्राची, प्रतिकृती आठवते. १७६९ ते १८२३ या काळात स्पॅनिश फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी दक्षिणेला सान दिएगोपासून उत्तरेला सोनोमापर्यंत २१ मिशने उभारली. त्यांतले एखादे मिशन साखरेच्या चौकोनी वड्यांनी किंवा आइस्क्रीमच्या काड्यांनी तयार करून शाळेत न्यायचे, अशी येथे अनेक दशकांची रीत होती. दिवाळीत आपण अंगणात किल्ला करतो, तसाच हा घरादाराचा उत्साह असे. पण त्या साखरेच्या भिंतींआड कोण राबत होते, हे मुलाला कळत नसे. बाप्तिस्मा घेतलेल्या आदिवासींना परवानगीवाचून मिशन सोडता येत नव्हते, पळून गेलेल्यांना सैनिक पकडून आणत, आणि युरोपातून आलेल्या साथींनी विशेषतः लहान मुले मोठ्या संख्येने दगावली. २०१६ मध्ये राज्याने नवा अभ्यासक्रम आराखडा स्वीकारला. त्यात स्पष्ट म्हटले आहे की अशा प्रतिकृतींमुळे तो काळ समजत नाही आणि अनेकांच्या भावना दुखावतात, म्हणून लक्ष तिथल्या माणसांच्या रोजच्या जगण्याकडे द्यावे. हा बदल मला मनापासून पटतो. हाताने काही घडवण्याचा आनंद मात्र मुलांपासून हिरावून घेऊ नये असे मला वाटते, म्हणून आम्ही दुसरे काही करतो. ते पुढे लिहिते.

आमच्या जिल्ह्याचे नावच सटर आहे. १८३९ मध्ये स्वित्झर्लंडहून आलेला हा जॉन सटर आजच्या सॅक्रामेंटोत किल्लेवजा वसाहत उभारून राहिला, आणि त्याची मोठी शेती आमच्या गावापासून जवळच, फेदर नदीकाठी होती. त्याच्यासाठी कोलोमा येथे लाकूड कापण्याची गिरणी बांधत असताना २४ जानेवारी १८४८ रोजी जेम्स मार्शलला सोने सापडले. अवघ्या नऊ दिवसांनी, २ फेब्रुवारीला, मेक्सिकोने तहान्वये हा सगळा प्रदेश अमेरिकेला दिला, तेव्हा त्या सोन्याची खबर तह करणाऱ्या दोन्ही पक्षांना नव्हती. मुले हे ऐकतात तेव्हा त्यांचे डोळे विस्फारतात.

सटरची ओळख पूर्वी वाटसरूंचा आश्रयदाता अशी करून दिली जाई, आणि ती खोटी नाही. सिएरा पर्वताच्या बर्फात अडकलेल्या, डॉनर नावाने ओळखल्या जाणाऱ्या वसाहतकऱ्यांच्या तांड्यासाठी त्याने मदत पाठवली होती. पण त्याच सुमारास त्याच्याकडे येऊन गेलेल्या जेम्स क्लायमन या प्रवाशाने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे की, तेथे शेकडो आदिवासी अक्षरशः गुलामगिरीत होते आणि त्यांना लाकडी डोण्यांतून, डुकरांना घालावे तसे, खायला घातले जात होते. मी हे दोन्ही मजकूर सोप्या भाषेत मुलांपुढे ठेवते. मग हमखास प्रश्न येतो: ‘तो चांगला होता की वाईट?’ त्यावर मी निकाल देत नाही. लिहिणारा कोण, त्याने ते स्वतः पाहिले होते का, कधी लिहिले, कोणासाठी लिहिले, एवढे त्यांना शोधायला लावते. बखर वाचण्याआधी लिहिणाऱ्याची चौकशी करा, असे तुम्ही आम्हा भावंडांना सांगत होता, तीच ही शिकवण.

याहून अवघड भाग पुढे येतो. राज्य स्थापन झाले त्याच १८५० साली येथील विधिमंडळाने आदिवासींच्या ‘संरक्षणा’च्या नावाखाली असा कायदा केला की गोऱ्या वसाहतवाल्यांना आदिवासी मुले आपल्याकडे कामाला ठेवून घेता येत, आणि रिकामा फिरतो एवढ्या आरोपावरून प्रौढ माणसाला पकडून त्याचे श्रम लिलावात विकता येत. पुढच्याच वर्षी राज्याचे पहिले गव्हर्नर पीटर बर्नेट यांनी विधिमंडळापुढे सांगितले की, आदिवासी नामशेष होईपर्यंत हे संहाराचे युद्ध चालू राहील असेच धरून चालावे लागेल. याबद्दल राज्याच्या वतीने गव्हर्नरने माफी मागितली ती २०१९ मध्ये. नऊ वर्षांच्या मुलांना हे कसे सांगावे, याचा मी पुष्कळ विचार करते. कत्तलींची वर्णने मी टाळते. कायद्यात काय लिहिले होते आणि त्यामुळे एखाद्या घरातले मूल कसे नाहीसे होई, हे टाळत नाही. आणि मैदू व निसेनान लोक आजही याच खोऱ्यात राहतात, हे मी प्रत्येक वेळी वर्तमानकाळात सांगते, कारण ‘ते लोक होते’ असे म्हणण्याची सवय पुस्तकांनीच लावली आहे.

आता ते हाताचे काम. सोने नदीतून संपल्यावर खाणवाल्यांनी डोंगरांवर प्रचंड दाबाने पाण्याचे फवारे सोडले आणि सगळ्या टेकड्या धुऊन काढल्या. तो गाळ-गोटा युबा नदीतून खाली आला, नदीचे पात्र उंचावत गेले, आणि आमच्या पलीकडच्या काठावरचे मेरिसव्हिल शहर नदीपेक्षा सखल झाले. १८७५ मध्ये ते पुरात बुडाले, हजारो एकर बागायती गाळाखाली गेली, आणि अखेर शेतकरी न्यायालयात गेले. जानेवारी १८८४ मध्ये न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी नदीत गाळ सोडण्याला मनाई केली. आम्ही मोठ्या परातीत माती-वाळूचे खोरे तयार करतो, वरून पाणी सोडतो आणि खालचे गाव कसे बुडते ते पाहतो. मग मुले घरी जाऊन आजी-आजोबांना विचारतात, कारण डिसेंबर १९५५ मध्ये फेदर नदीचा बांध फुटून याच गावात तीसहून अधिक माणसे गेली, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये ओरोव्हिल धरणाच्या सांडव्याला भगदाड पडले तेव्हा सगळे गाव रात्रीतून रिकामे करावे लागले होते. सांगलीच्या माणसाला पुराविषयी मी अधिक काय लिहावे! शाळेच्या वाटेवरचा तो उंच बांध तिथे का आहे, हे ज्या दिवशी मुलाला उमगते, त्या दिवशी माझा इतिहासाचा तास सार्थकी लागतो.

एका गोष्टीचे मात्र मला फार वाईट वाटते. राज्याच्या वार्षिक चाचण्या या वयात भाषा आणि गणिताच्याच असतात, त्यामुळे वेळापत्रकात सर्वांत आधी कात्री लागते ती इतिहासाला. म्हणून मी जुनी पत्रे आणि वर्तमानपत्रांतले उतारे वाचनाच्या तासालाच घेते. जो विषय मुलाला पायाखालची जमीन समजावून देतो, त्याला उरल्यासुरल्या वेळेत बसवावे लागणे मला योग्य वाटत नाही.

माझ्या वर्गात पंजाबी मुले पुष्कळ आहेत. अक्रोड आणि पीचच्या बागांमुळे त्यांच्या कितीतरी पिढ्या या खोऱ्यात स्थिरावल्या. एप्रिलमध्ये आम्ही स्टॉकटनचा १९१२ चा गुरुद्वारा आणि १ नोव्हेंबर १९१३ रोजी सान फ्रान्सिस्कोतून निघालेले भारतीय क्रांतिकारकांचे ‘गदर’ पत्र यांच्याकडे वळू. या मुलांना गदर चळवळीतले क्रांतिकारक कर्तारसिंग सराभा घरून ठाऊक असतात. पण १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात त्यांच्याबरोबर फासावर गेलेले विष्णू गणेश पिंगळे हे पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे, आणि गदरच्या आरंभापासूनचे पांडुरंग खानखोजे हे वर्ध्याचे, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. ते तुम्ही सांगावे अशी माझी इच्छा आहे. इथे सकाळी साडेआठला वर्ग भरतो, तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे नऊ वाजलेले असतील. दादाने फोन लावून दिला तर अर्धा तास तुम्ही मुलांशी हिंदीत बोलावे; बरीच मुले ते समजतील, बाकीच्यांना मी इंग्रजीत सांगेन. तुमच्या कपाटातल्या पिंगळ्यांविषयीच्या कात्रणांची छायाचित्रे दादाला आधी पाठवायला सांगा, म्हणजे मला त्यांवरून मुलांसाठी प्रश्न काढून ठेवता येतील.

आईस साष्टांग नमस्कार. दादा-वहिनींना नमस्कार आणि मुलांना अनेक आशीर्वाद.

आपली,
धाकटी