दादा, स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिलात त्याबद्दल

दादा,

कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा गळा असा दाटून आला की तुम्हाला धड धन्यवादही म्हणता आलं नाही. ते राहून गेलं, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय.

एकेक भाग पैसे साठवून घेतलेला, मॅन्युअल समोर ठेवून स्वतःच्या हातांनी जोडलेला नवाकोरा कॉम्प्युटर, आणि बटण दाबलं तर काहीच नाही. पंखा हलत नाही, बीप नाही, स्क्रीन काळी. पोटात गोळा येतो हो! ज्यांनी घरी कॉम्प्युटर जोडलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

तुमच्याआधी ज्यांना दाखवला त्यांचा राग अजून गेलेला नाही. एकाने विचारलं, "जोडला कोणी?" मी म्हटलं, "मी." तर तो माझ्यामागे कोणी उभं आहे का ते बघायला लागला. मग कॅबिनेट न उघडता, वायर लावूनही न बघता निकाल देऊन मोकळा झाला: "बोर्ड उडालाय, प्रोसेसरही गेला असणार. नवीन घ्या." दुसऱ्याने तर घरी जोडलेल्या मशीनला हात लावत नाही म्हणून दारातूनच परत पाठवलं. ज्या वस्तूला हातही लावला नाही, ती मेली असं कोणी छातीठोकपणे कसं सांगू शकतं?

तुम्ही वायर लावलीत आणि मदरबोर्डच्या कडेला लागलेला बारकासा दिवा दाखवलात. "ताई, एसएमपीएसचे, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचे, मशीन बंद असतानाही येणारे स्टँडबायचे ५ व्होल्ट बोर्डापर्यंत पोचतायत. बोर्ड गेला म्हणायची एवढ्यात घाई नको." मग म्हणालात, "आत हात लावू का?" माझ्याच मशीनला हात लावायची परवानगी मला विचारणारे तुम्ही पहिलेच.

कॅबिनेटच्या बटणाची वायर तुम्ही पिनांवरून काढलीत. पॉवरच्या दोन पिना कुठल्या ते मॅन्युअलमध्ये बोट ठेवून दाखवलंत, आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्यापुढे धरलात. "तुम्ही जोडलाय, तुम्हीच चालू करा. टोक दोन्ही पिनांना क्षणभर टेकवा आणि काढा. मी इथेच आहे." माझा हात थरथरत होता. तुम्ही घाई केली नाहीत, हातातून काढूनही घेतला नाहीत. टोक टेकलं आणि सगळे पंखे एकदम फिरायला लागले.

बोर्ड ठणठणीत, प्रोसेसर ठणठणीत. कॅबिनेटचं बटण तेवढं मुळातच खराब निघालं होतं.

हे काम तुम्ही स्वतः चुटकीसरशी केलं असतंत, आणि मी तेव्हाही तुमचे आभारच मानले असते. पण मग मनात कायम राहिलं असतं की आपल्याला जमलं नाही, दुसऱ्याने येऊन करून दिलं. तुम्ही तसं होऊ दिलं नाहीत. दुरुस्ती करणारे पुष्कळ असतात. पण समोरच्याची उमेद शाबूत ठेवून दुरुस्ती करणारी माणसं फार थोडी, आणि अशा माणसांचं मोल आपण पुरेसं बोलून दाखवत नाही असं मला मनापासून वाटतं.

पंखे फिरले तरी स्क्रीन काळीच होती आणि बोर्डवर रॅमचा, म्हणजे मेमरीचा, दिवा लागून तसाच अडून बसला होता. माझा चेहरा पडला. तुम्ही म्हणालात, "रॅम डीडीआर५ प्रकारची आहे. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, काही मिनिटं लागतात. मध्येच बंद मात्र करू नका." आणि फोनही न काढता शेजारी बसून राहिलात. बायोसची, म्हणजे विंडोजच्याही आधी येणारी बोर्डची स्वतःची, स्क्रीन आली, त्यावर प्रोसेसरचं नाव आणि रॅमचा पूर्ण आकडा दिसला, तेव्हा माझ्याआधी तुम्हीच टाळी वाजवलीत!

जाताना रीसेटच्या बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावून दिलीत. अजून त्यावरच चालू आहे, एकदाही अडलेलं नाही. नवीन बटण मागवलंय, ते मीच बसवणार आहे. कुठे अडलं तर फोन तुम्हालाच करेन.

मनापासून आभार, दादा.