अफगाण मुलांच्या फीचं आणि कागदांचं काय?

संपादकसाहेब, नमस्कार.

ॲडमिशनचा सीझन आहे म्हणून लिहितोय. पुण्यात अफगाणिस्तानची पोरं कितीतरी वर्षं शिकायला येतायत, कुणी आयसीसीआरच्या (केंद्र सरकारच्या सांस्कृतिक संबंध परिषदेच्या) स्कॉलरशिपवर, कुणी घरच्या पैशावर. ऑगस्ट 2021 मध्ये काबूल तालिबानच्या हातात गेलं आणि सगळंच फिसकटलं. कोविडमुळे जे घरी गेले होते ते तिकडेच अडकले, कारण आपल्या सरकारने आधीचे व्हिसा रद्द केले, आणि जे इथे होते त्यांचे घरून येणारे पैसे आटले. काहींनी तर एक एमए झाल्यावर दुसरं घेतलं, हौस म्हणून नाही हो, स्टुडंट व्हिसा टिकावा म्हणून!

मी कॉलेजच्या ऑफिसात नोकरी केलीय (नाव नको कॉलेजचं), त्यामुळे खिडकीवर काय चालतं ते माहितीये. मार्कलिस्ट तिथल्या मंत्रालयाकडून अटेस्ट करून आणा म्हणतात. अरे, ज्यांच्या भीतीने पळून आला त्यांचाच शिक्का कसा आणणार तो? फी परदेशी म्हणून कितीतरी पट. निर्वासित म्हणून युनोचं कार्ड दाखवलं तर क्लार्क ते उलटंपालटं करून बघतो आणि साहेबांकडे पाठवतो, साहेब परत खिडकीवर. बिचाऱ्या क्लार्कचा तरी काय दोष, आपण 1951 च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही आणि फॉर्मवर दोनच कॉलम, भारतीय नाहीतर फॉरेनर.

आता लगेच कुणीतरी म्हणणार की आपल्याच पोरांना सीट मिळत नाहीत. पण परदेशी मुलांसाठी यूजीसीने 2022 मध्येच मंजूर सीट सोडून वर 25 टक्क्यांपर्यंत जादा सीट द्यायला परवानगी दिलीय, म्हणजे आपल्या कुणाची जागा जात नाही, आणि त्यातल्या कितीतरी रिकाम्याच राहत असणार.

मुलींचं तर विचारूच नका. डिसेंबर 2022 पासून तिकडे त्यांना युनिव्हर्सिटीचं दारच बंद. ज्यांची इथली डिग्री अर्धवट राहिली त्यांची उरलेली परीक्षा ऑनलाइन घ्यायला काय हरकत आहे? कोविडमध्ये सगळ्यांची घेतलीच होती की.

विद्यापीठाने एक साधं सर्क्युलर काढावं: निर्वासित कार्ड असेल तर फी भारतीय मुलांइतकीच, आणि कागद नसेल तर प्रतिज्ञापत्र आणि विभागाची चाचणी चालेल. तेही ॲडमिशन संपायच्या आत काढा, नाहीतर पोरांचं अजून एक वर्ष जाईल.

— एक निवृत्त कॉलेज कर्मचारी, पुणे